वाट शेतातून जाते

फाटक उघडलं आणि आम्ही पंधरा-सोळा जण सरळ एका परक्या माणसाच्या शेतात शिरलो. विचारणं नाही, हाक मारणं नाही. मालक समोरच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडत होता. मला वाटलं, आता हा दरडावणार, निदान ‘कुठं चाललात’ तरी विचारणार. त्याने मान वर केली, आज पावसाचं काही खरं नाही असं काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा कामाला लागला. आमची रांग त्याच्या गवतातून, त्याच्या गोठ्याच्या भिंतीला घासून, त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून पलीकडे निघून गेली. आत एक बाई भांडी विसळत होत्या. त्यांनी साबणाचा हात हलवला.

मी जुन्नरकडची. आमच्याकडे बांध वीतभर सरकला तर दोन घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. शेतरस्त्यासाठी तहसीलदारापुढे तारखांवर तारखा पडतात आणि त्यासाठी 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा अजून उघडला जातो. आणि इथे? गावाशी काडीचा संबंध नसलेली माणसं, त्यात नऊवारीतल्या आजीची नात असलेली मी, रंगीबेरंगी जाकिटं घालून दुसऱ्याच्या रानातून चाललोय, निव्वळ चालायचं म्हणून!

गाव मॅलम. उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायर डेल्स या राष्ट्रीय उद्यानात. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर ताडोबा. गेट, तिकीट, जिप्सी, खाकीतला गार्ड, खाली उतरायचं नाही. इथलं राष्ट्रीय उद्यान 1954 पासूनचं आहे आणि त्याच्या पोटात अख्खी गावं, शेतं, शाळा, चर्च, पब. जमीन बहुतेक खाजगी. कुठे गेट नाही, तिकीट नाही. पाय ठेवला की आत.

माझी लेक लीड्सच्या इस्पितळात नोकरी करते. तिच्या शेजारच्या बाई एका चालणाऱ्यांच्या मंडळाच्या सभासद. त्यांनी मला “कम ऑन, लव्ह” म्हणत जवळजवळ उचलूनच आणलं. यॉर्कशायरमध्ये सगळेच सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतात. बस ड्रायव्हरने पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मी दचकले होते, आता कुणी नाही म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं.

मंडळातली माणसं पाहून मात्र माझा धीर सुटायची वेळ. सगळी साठीच्या पुढची, काही तर सत्तरीच्याही. आमच्याकडे ट्रेकिंगचा ग्रुप म्हणजे कॉलेजची पोरं, पहाटेची लोकल आणि पोहे. इथे एका बाईंचे दोन्ही गुडघे बदललेले, एका आजोबांच्या कानात यंत्र. म्हटलं, यांच्याबरोबर मी रमतगमत जाईन. पहिल्या चढावर त्या गुडघेवाल्या बाई मला मागे टाकून गेल्या. जाता जाता हवेबद्दलही बोलल्या. व्यवस्था मात्र अगदी आपल्यासारखी. पुढे म्होरक्या, सगळ्यात मागे एक माणूस, आणि त्या मागच्याच्या मागे कुणी राहायचं नाही. आपली ट्रेकवाली पोरं लीड आणि बॅकलीड म्हणतात तेच.

म्होरक्याने प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा गळ्यात अडकवला होता. त्यावर हिरव्या तुटक रेषांचं जाळं. प्रत्येक रेष म्हणजे लोकांच्या हक्काची पायवाट. जमीन मालकाची, पण तिच्यातून जाणारी वाट सगळ्यांची. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात, म्हणजे पृथ्वीला पाच वेढे घालून वर उरतील. एखाद्या वाटेने लोक 20 वर्षं बिनबोभाट, बिनहरकत चालत राहिले तर कायदा ती सार्वजनिक मानतो. मालकाने पिकासाठी नांगरली, तर त्यानेच ती पुन्हा करून द्यायची.

हे कुणी ताटात वाढून दिलेलं नाही, असं म्होरक्या म्हणाला आणि चालता चालता गोष्ट सांगू लागला. 1932 च्या एप्रिलमध्ये इथून दक्षिणेला किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर सुमारे चारशे कामगार पोरं बंदी मोडून चढली. बड्या जमीनदारांनी तो डोंगर पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवला होता. राखणदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंग. मग 1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांचा कायदा झाला. मी म्हटलं, अहो, त्या चढाईच्या दोनच वर्षं आधी आमच्याकडे बिळाशीला आणि चिरनेरला लोक जंगलाच्या हक्कासाठी कायदा मोडत होते! चिरनेरला तर गोळीबार झाला. म्होरक्या थबकला. राज्य तेव्हा कुणाचं होतं हे दोघांनाही ठाऊक होतं. “आमचेच लोक दोन्हीकडे,” तो म्हणाला आणि पुढचं फाटक उघडलं.

ओढ्याकाठच्या झाडीत शिरलो आणि नाकात लसणाचा वास भसकन शिरला. फोडणीचा नव्हे, हिरव्या लसूणपातीचा. जमिनीवर नजर जाईल तिथे लांबट, तुकतुकीत हिरवी पानं. रानलसूण! अख्ख्या झाडीला कुणीतरी नुकतीच चटणी वाटून सारवल्यासारखं. फुलं अजून यायची होती. गुडघेवाल्या बाईंनी एक पान तोडून माझ्या हातात दिलं. चावलं, तिखट लागलं, आणि भर जंगलात मला भाकरी हवीशी वाटली.

वर झाडांना एकही पान नाही. एप्रिलचा पहिला आठवडा, घरी पाडवा होऊन गेलेला, चैत्रपालवी कधीच फुटलेली, रस्त्याकडेचे पांगारे लालभडक पेटून विझायला आलेले. इथे अजून सगळी झाडं सांगाड्यासारखी उभी. पण सगळा वसंत पायाशी. सेलंडाइनची पिवळीधमक, चकचकीत फुलं, जणू कुणी लाख लावून ठेवलेली. फिकट लोण्याच्या रंगाचे प्रिमरोज. हेझलच्या निष्पर्ण फांद्यांवरून लोंबणारे पिवळट झुबके, बोट लावलं की धुरळ्यासारखे पराग उडतात. हे झाडांना पालवी फुटायच्या आत आपलं आवरून घेतात. एकदा वर पानं आली की खाली ऊन मिळणार नाही. आमच्याकडे पळसाला, काटेसावरीला पानाआधी फूल येतं ते रखरखाटात; इथे तीच घाई गारठ्यात.

झाडीच्या टोकाला जॅनेट्स फॉस नावाचा धबधबा. उंची पाहून मी जरा खट्टू झाले. माणसाच्या दोन-तीन उंचीएवढा. पावसाळ्यात माळशेज घाटात रस्त्याकडेला असे शंभर दिसतात. पण जवळ गेल्यावर पाहिलं तर पाणी दगडावरून पडत नव्हतं, दगड तयार करत पडत होतं. पाण्यातला चुना साचत साचत त्याचा एक फुगीर, शेवाळलेला पडदा झालाय, आणि त्या पडद्यावरून पाणी झिरमिळ्यांसारखं उतरतंय. मागे गुहा आहे आणि त्यात पऱ्यांची राणी जॅनेट राहते, असं गावकरी मानत आले. खालच्या हिरव्यागार डोहात पूर्वी लोकर कापण्याआधी मेंढ्या धूत. गार पाण्यात उभे राहायचे म्हणून माणसांना दारू पाजत. वाटेत एक आडवा ओंडका, त्यात हजारो नाणी ठोकलेली, खवल्यांसारखी. नवस! मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मी पर्स चाचपली. नाणी मिळाली ती आपल्याकडचीच. दोन रुपये ठोकायला दगड शोधू लागले, तर म्होरक्याने हसून मान हलवली. झाडांना इजा होते म्हणून हल्ली नको म्हणतात.

गॉर्डेल स्कारकडे जाताना काहीच दिसत नाही. सपाट कुरण, शांत ओढा. मग वाट एका वळणावरून आत घेते आणि दोन्ही बाजूंनी कडे अंगावर येतात. शंभर मीटरहून उंच, वर एकमेकांकडे झुकलेले. आकाशाची पट्टी निमुळती होत जाते, आवाज घुमायला लागतो, अंगावर ओली थंडी चढते. सांधण दरी आठवली. पण सांधण काळीकुट्ट, हा दगड राखाडी-पांढरा. समोर कड्याला पडलेल्या भोकातून पाणी उसळून बाहेर येतंय. जेम्स वॉर्ड नावाच्या चित्रकाराने 1812 ते 1814 या काळात याचं चित्र काढलं, ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. तीन मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद! लहान कागदावर हे मावलं नसतंच.

तिथून चढ. आणि चढावर भिंती. या भिंतींचं मला काय करावं कळेना. नजर पोचेल तिथपर्यंत दगडी भिंती. कुरणांतून, ओढ्यांवरून, थेट उभ्या डोंगरावर चढून पलीकडे उतरणाऱ्या. माती नाही, चुना नाही, सिमेंट नाही. एकट्या या उद्यानात अशा आठ हजार किलोमीटरहून जास्त भिंती आहेत, बऱ्याचशा दोन-सव्वादोनशे वर्षांपूर्वी रानं वाटून घेतली तेव्हाच्या. एके ठिकाणी भिंत ढासळली होती, तिथे मी वाकून आत पाहिलं. बाहेरून एक दिसली तरी भिंती दोन. एकमेकींकडे झुकलेल्या, मध्ये बारीक दगडांची भर, आणि थोड्या थोड्या अंतरावर दोन्हींना आरपार सांधणारा लांब चिरा. वरती उभ्या दगडांची झालर. माझे आजोबा डोंगरउतारावर ताल घालायचे, ते दगड हातात फिरवून फिरवून बसवायचे. इथल्या भिंतीचा दगड हाताने दाबून पाहिला. हलेना.

आणि भिंतीतून पलीकडे जायचं कसं? तर मध्ये एक फट. वर थोडी रुंद, खाली अरुंद. माणसाने एक पाय उचलून तिरकं होत सटकायचं. मेंढीला ते जमत नाही. आमच्यातले एक गोलमटोल आजोबा प्रत्येक फटीपाशी श्वास आत ओढून घेत आणि पलीकडे गेल्यावर सोडत. सगळे टाळ्या वाजवत.

आता मेंढ्या. खरं तर मला फक्त मेंढ्यांवरच लिहायचं होतं! काळं तोंड, पांढरं नाक, वळणदार शिंगं, माद्यांनासुद्धा. या स्वेलडेल जातीच्या. आणि त्यांच्या आगेमागे कोकरं. एक दिवसाची, दोन दिवसांची, अजून ओलसर सुरकुतलेली. एक माझ्या समोरच उभं राहायला शिकत होतं. पुढचे पाय टेकवून मागचा भाग उचलला, थरथरलं, पडलं. आई हनुवटीने ढोसते. पुन्हा उठलं, चार पाय चार दिशांना. मग कसंबसं कासेशी पोचलं आणि शेपूट अशी काही फिरायला लागली, जणू यंत्र चालू झालं. थोडी मोठी झालेली कोकरं टोळी करून एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर उगाचच धावत सुटतात, मध्येच चारी पायांवर हवेत उडी. प्रत्येकाच्या अंगावर रंगाने आकडा. सतरा नंबरच्या आईची दोन सतरा नंबरं. एका मेंढीच्या ढुंगणावर निळा डाग राहिलेला, त्याचा खुलासा शेजारीणबाईंनी खालच्या आवाजात केला. शरदात मेंढ्याच्या छातीला रंग फासतात, म्हणजे कोणकोणत्या माद्या लागल्या ते शेतकऱ्याला लांबूनच कळतं. चोख कारभार.

पण मेंढपाळ कुठाय? मी चहूकडे पाहिलं. उघडा डोंगर, शेकडो मेंढ्या, माणूस एकही नाही. रात्रीही नाही, म्हणाले. आमच्याकडे धनगर वाघर लावतो, कुत्री बांधतो, तरी अर्ध्या झोपेत राहतो. जुन्नरच्या उसात बिबट्या आहे. संध्याकाळी पोरांना अंगणातून आत घेतात, शेळी घराच्या भिंतीला बांधतात. इथे लांडगा काही शतकांपूर्वीच संपवला. मोठं जनावर म्हणाल तर कोल्हा आणि बिज्जू. मला हेवा वाटला, आणि डोंगर थोडा पोकळही वाटला, दोन्ही एकाच वेळी. मग वरच्या माळावर तर भिंतीसुद्धा संपल्या. मेंढ्या पळून जात नाहीत? नाही. आई आपल्या चरण्याची हद्द कोकराला दाखवते, ते मोठं होऊन आपल्या कोकराला. कुंपण नसलं तरी कळप आपल्या डोंगरावर राहतो. 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, देशभर लाखो जनावरं मारून टाकली, या सगळ्या पायवाटाही बंद झाल्या. ज्या डोंगरांवरचे कळप गेले तिथे नुसत्या नव्या मेंढ्या विकत आणून भागेना. त्यांना हद्दच माहीत नव्हती.

माळावर पाऊल ठेवलं आणि आकाशातून कुणीतरी घरंगळत खाली आलं. टिटवी! आपली नव्हे, तिची इथली बहीण. डोक्यावर लांब बारीक तुरा, पाठीवर हिरवट-जांभळी झाक, पंख गोलसर, भाकरीसारखे. सरळ वर चढते, एकदम कोलमडते, आता जमिनीवर आपटणार म्हणेपर्यंत गिरकी घेऊन पुन्हा वर. आणि वरून ‘पीऽऽविट’ अशी शीळ, लहान पोराने पिपाणी पिळावी तशी. नराचं प्रियाराधन चाललं होतं. आमच्याकडे रात्री टिटवी ओरडली की आई अंथरुणात उठून बसायची, काहीतरी वाईट कळणार म्हणून. इथे सोळा माणसं माना वर करून, तोंडं उघडी ठेवून, टिटवीकडे पाहत उभी!

आणि मग कर्ल्यू. लांब, खाली वाकलेली चोच, मातकट पिसं. दिसायला साधाच पक्षी. तो पंख ताठ करून माळावर तरंगतो आणि सूर लावतो. आधी एकेक लांब हाक, मग हाका जवळजवळ येत जातात, मग त्यांचं बुडबुड्यांचं पाणी होतं. सगळा डोंगर भरून जातो. याच जातीचे पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकणातल्या खाड्यांच्या चिखलात चोच खुपसत हिंडतात. तिथे ते पोटापाण्याला आलेले असतात, गाणं गात नाहीत. गाणं इथल्यासारख्या माळरानावर, विणीच्या वेळेला. ब्रिटनमध्ये यांची संख्या फार झपाट्याने घटली आहे. सत्तरीतले एक आजोबा म्हणाले की लहानपणी हा आवाज त्यांना नकोसा व्हायचा, इतके होते. आता पहिला कर्ल्यू ऐकला की ते बायकोला फोन करतात.

त्यातच गारा. ऊन पडलं होतं, चंडोल वर टांगल्यासारखा गात होता, आणि एका ढगाने फटाफट पांढरे दाणे टाकायला सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा. नारायणगावच्या बाजूला ज्यांची द्राक्षं आहेत त्यांना विचारा, एप्रिलमधली गार म्हणजे काय. दहा मिनिटांत वर्ष जातं. इथल्या लोकांनी नुसत्या टोप्या वर ओढल्या. कुणी चालणंसुद्धा थांबवलं नाही. गारा ज्वारीएवढ्या, गवतावर टपटप उड्या मारतात, मेंढ्यांच्या पाठीवर साखर पेरल्यासारख्या. मग ढग गेला, ऊन आलं, आणि सगळ्यांनी एकदम तोंडं उन्हाकडे केली, सूर्यफुलांसारखी. आमच्याकडे या दिवसांत माणूस सावली धरून चालतो. इथलं ऊन नुसतं उजेडाचं, त्यात चटका नाही.

लांब कुरणात दोन ससे मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना थपडा मारत होते. दोन नर मादीवरून भांडतायत, असं मी ठरवूनही टाकलं. शेजारीणबाई म्हणाल्या, बहुतेक वेळा थपडा मारणारी मादी असते. नको असलेल्या नराला झोडपते. आमच्यातल्या सगळ्या बायकांनी थांबून तो सामना शेवटपर्यंत पाहिला.

मॅलम टार्न हे वरचं तळं. समुद्रसपाटीपासून 377 मीटरवर, वाऱ्याने शहारलेलं. चार्ल्स किंग्जली इथे काठावरच्या वाड्यात राहून गेला आणि 1863 च्या ‘वॉटर बेबीज’ला त्याची प्रेरणा मिळाली, असं सांगतात. पण माझं लक्ष तळ्यातून निघणाऱ्या ओढ्यावर. चांगला खळाळता, पाऊल बुडेल एवढा. आम्ही त्याच्या काठाने चाललो. थोड्या वेळाने तो जरा बारीक झाला. मग दगडांमध्ये पांगला. आणि मग नव्हताच! मोठं भोक नाही, भोवरा नाही, काही नाही. दगडधोंड्यांच्या फटींतून गुळगुळ आवाज करत पाणी खाली जातंय, आणि पुढे कोरडं गवत. मी गुडघ्यावर बसून कान लावला. आत कुठेतरी ते बोलत होतं. सरस्वती गुप्त झाली हे आपण लहानपणापासून ऐकतो. नदी गुप्त होताना प्रत्यक्ष पाहिली ती मी इथे.

हा सगळा चुनखडीचा खेळ. सुमारे 33 कोटी वर्षांपूर्वी, ही भूमी विषुववृत्ताजवळ असताना, उबदार उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले आणि समुद्री जीवांचे सांगाडे साचून हा दगड झाला. आपला सह्याद्री आगीतून आला, लाव्ह्याच्या थरांनी, अवघा साडेसहा कोटी वर्षांचा. हा पाण्यातून आला आणि पाण्यातच विरघळतो. पावसाचं पाणी किंचित आम्ल असतं, ते फटी रुंदावत जातं, आणि डोंगर आतून पोखरतो. गंमत अशी, की इथे गुप्त झालेलं पाणी खालच्या प्रचंड कड्याच्या पायथ्याशी निघतं असंच कुणालाही वाटेल. पाण्यात रंग सोडून पाहिलं तर तळ्याचं पाणी गावाच्याही खाली उगवतं, आणि कड्याखालून येतं ते भलतीकडचं. डोंगराच्या पोटात दोन प्रवाह एकमेकांना ओलांडून जातात.

पुढे कोरडी दरी. नदीने कोरलेली, पण नदीविना. बर्फयुगाच्या शेवटी वितळलेल्या पाण्याने ती खोदली. दरी संपते आणि पायाखालची जमीनच पांढरी होते. दगडी फरसबंदी! मोठमोठ्या गुळगुळीत लाद्या, मध्ये हात-दोन हात खोल भेगा. पाऊल टाकताना जपावं लागतं, दगड पाण्याने साबणासारखे झालेले. भेगेत डोकावलं तर आत वेगळंच जग. वारा नाही, ओल आहे, आणि जिभेसारख्या लांब पानांची नेची दाटीवाटीने. वरती मेंढ्या सगळं चरून टाकतात, त्यांची तोंडं आत पोचत नाहीत, म्हणून झाडपाला भेगेत लपून जगतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरही खळग्याखळग्यात अशीच वस्ती असते, पण ती पावसाळ्यापुरती. हॅरी पॉटरच्या सिनेमाचं चित्रीकरण इथे झालंय म्हणून नातीसाठी फोटो काढला.

आणि फरसबंदीचं टोक म्हणजे कडा. मॅलम कोव्ह! वरून फक्त हवा दिसते. चारशेच्या आसपास दगडी पायऱ्या उतरून पायथ्याशी आलो, वर पाहिलं आणि माझ्या तोंडून ‘अगं बाई’ निघून गेलं. ऐंशी मीटर उंच, तीनशे मीटर रुंद, आत वळलेली पांढरी भिंत. अंगावर काळे-राखाडी ओघळ. कोकणकडा मी पाहिलाय. उंचीत हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मी तिथल्या तिथे सगळ्यांना सांगून टाकलं. पण कोकणकडा आपण वरून पालथं पडून पाहतो. याच्या कुशीत खालून जाऊन उभं राहता येतं, ओठ हलवले तरी कड्याकडून आवाज परत येतो. भिंतीवर मुंग्यांसारखी माणसं दोरांना लोंबकळत होती.

बर्फयुगानंतर या कड्यावरून धबधबा कोसळायचा तो केव्हाच आटला. 2015 सालच्या 6 डिसेंबरला, डेस्मंड वादळाच्या पावसात, तो काही तास परत आला. कुणाच्याही आठवणीत असं झालं नव्हतं. लोक रात्रंदिवस त्याबद्दल बोलत होते म्हणे, अजूनही बोलतात. एका धबधब्याबद्दल! आमच्या नाणेघाटात जुलैमध्ये या, म्हटलं. कड्याकड्यावरून पाणी, आणि वारा असा की पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं. कुणी विश्वास ठेवला नाही. फोनवर व्हिडिओ दाखवला तेव्हा म्होरक्याने तो दोनदा पाहिला.

“तिकडे बघा, तिकडे!” कुणीतरी दंड धरून मला वळवलं. कड्याच्या वरच्या अंगाला एका कपारीतून बहिरी ससाणा सुटला. नजर ठरेपर्यंत ठिपका झाला. मादी अंड्यांवर बसलेली असावी, नर शिकारीला निघालेला. वर, खूप वर जाऊन तो पंख मिटतो आणि सरळ पडतो. झेपेत याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो, जगात याच्याहून वेगवान प्राणी नाही. कबुतरांचा थवा कागदासारखा फाटला. निसटलं कबुतर. ससाणा पुन्हा वर. साठच्या दशकात पिकांवरच्या डीडीटीने याची अंडी इतकी पातळ कवचाची झाली की बसताच फुटत, आणि हा पक्षी संपण्याच्या बेतात आला. औषध बंद केलं, हळूहळू परतला. सोळा म्हातारी माणसं हुश्श करत होती. कबुतर वाचलं म्हणून की ससाण्याची चुकली म्हणून, ते मला कळलं नाही.

कड्याखालच्या ओढ्यात एक पक्षी दगडावर उभा. ठेंगणा, छातीवर पांढरं फडकं बांधल्यासारखा. गुडघ्यात वाकून एकसारखे नमस्कार घालतो. आणि मग पाण्यात चालत गेला. पोहत नव्हे, चालत. डोकं पाण्याखाली गेलं तरी थांबला नाही. प्रवाहाच्या तळावरून किडे टिपत फिरला, दुसऱ्या दगडावर कोरडाठाक निघाला, पुन्हा नमस्कार. डिपर. इतका वेळ माझ्यासाठी सगळं विस्मयाने पाहणारी मंडळी याच्याकडे मात्र घरच्या कोंबडीसारखं पाहत होती.

मला मात्र दिवसभर एक कोडं पडलं होतं. आपण चालतो ते कुठेतरी पोचायला. गडावर, नाहीतर पंढरपूरला. ही मंडळी गोल फिरून निघालो तिथेच आली. वर देव नव्हता, बुरूज नव्हता. पण पबच्या दारात चिखलाचे बूट काढताना त्यांच्या चेहऱ्यांवर जे होतं, ते मी आळंदीहून निघालेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय.

पबमध्ये शेकोटी, ओल्या कुत्र्यांचा वास, मोज्यांची वाफ. सूप आलं, वाफाळलेली पाई आली. तुमच्याकडे कुठे चालता, असं त्या गुडघेवाल्या बाईंनी विचारलं. मी शिवनेरी सांगितला, सात दरवाजे सांगितले, शिवाजी महाराज तिथे जन्मले ते सांगितलं. सगळे भक्तिभावाने ऐकत होते. मग हरिश्चंद्रगड, त्याचा चढ. वर चहा मिळतो का, हा पहिला प्रश्न. मिळतो की, म्हटलं, आणि झोपडीत गरम कांदाभजीही.

टेबल हादरलं. “ओनियन भाजी? डोंगरावर?” सगळ्यांना ठाऊक होती! यॉर्कशायरमध्ये गल्लोगल्ली करी हाउस, आणि प्रत्येक ठिकाणी ओनियन भाजी. किती मोठी असते तुमच्याकडे, असं विचारत एका आजोबांनी मूठ वळून दाखवली, टेनिसच्या चेंडूएवढी. मी म्हटलं, छे, एवढा गोळा आतून कच्चाच राहील! आपली खेकडा भजी, पातळ उभा कांदा, मीठ लावून सुटलेल्या पाण्यातच बेसन. पाणी अजिबात घालायचं नाही. म्होरक्याने खिशातून पेन्सिल काढली आणि मॅलमच्या नकाशाच्या पाठीवर लिहून घेतलं: बेसन, पाणी नाही.